दासोपंतांची पासोडी आणि फोटो शिवण्याचा उद्योग

अंबाजोगाईला गेलात की योगेश्वरीचं दर्शन होतं, मुकुंदराजांच्या समाधीकडे पाय वळतात, वेळ उरला तर हत्तीखानाही बघून होतो. पण दासोपंतांची पासोडी ही काय चीज आहे, हे आपल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना बहुतेक ठाऊक नसतं. म्हणून आधी तिची ओळख करून देतो, मग मुद्द्याकडे येतो.

पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं सुती कापड. दासोपंत हे दत्तभक्त कवी, काळ १५५१ ते १६१५. जन्म बीदरजवळच्या नारायणपेठचा, पण कर्मभूमी अंबाजोगाई. लिहिण्याचा झपाटा असा की एकट्या ‘गीतार्णवा’च्याच सव्वा लाख ओव्या सांगतात. त्यांना रोज एका ढब्बूची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. आता या माणसाला कागद पुरेना म्हणून की काय, त्याने चक्क एका पासोडीवर लिहायला घेतलं. विषय पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून ही सृष्टी कशी घडली त्याचं वेदान्ती विवेचन. कापडाची मापं साधारणपणे सांगितली जातात ती अशी: लांबी सुमारे ४० फूट, रुंदी सुमारे ४ फूट. ही पासोडी अंबाजोगाईतच जपून ठेवलेली आहे.

कुणा भाविकाला हे ऐकून हात जोडावेसे वाटतील, कुणा अभ्यासकाला त्यातली भाषा बघावीशी वाटेल. माझ्यासारख्या आयटीतल्या हमालाच्या डोक्यात मात्र पहिला प्रश्न आला तो असा: याचा फोटो काढायचा कसा?

हसू नका. प्रश्न गंभीर आहे. चारशे वर्षांचं कापड दर वेळी उलगडलं की थोडं झिजतं, घडीवर विरतं, शाई उडते. लोकांनी वाचावं म्हणून ते उलगडावं, तर ते संपत जाणार. टिकावं म्हणून बंद ठेवावं, तर कुणी वाचणार नाही. यातून सुटण्याचा एकच मार्ग: एकदाच, नीट, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं छायाचित्र घ्यायचं, आणि पुढची पन्नास वर्षं लोकांनी ते बघायचं. आणि चाळीस फुटांचं कापड एका फोटोत अक्षरांसकट मावत नाही.

जरा गणित करू. अक्षरं नीट वाचायची तर इंचाला ३०० ठिपके हे बरं प्रमाण. ४० फूट म्हणजे ४८० इंच, म्हणजे लांबीला १,४४,००० पिक्सेल. ४ फूट म्हणजे ४८ इंच, म्हणजे रुंदीला १४,४००. गुणाकार केला की २०७ कोटी पिक्सेल! २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, म्हणजे ६००० बाय ४०००, एका फोटोत २० बाय १३ इंचांचा तुकडा पकडेल. शेजारचे फोटो एकमेकांवर तीस टक्के चढले पाहिजेत, नाहीतर जोडणार कशाच्या आधाराने? तसं धरलं तर लांबीला ३४ आणि रुंदीला ५, एकूण १७० फोटो. आता हे १७० तुकडे एकमेकांना शिवायचे. तर मंडळी, आजचा विषय हा: फोटो शिवायचं सॉफ्टवेअर निवडायचं कसं? आणि त्यासाठी आधी थोडा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय निवड कळत नाही.

शिवणकामाचा पूर्वेतिहास

‘पॅनोरमा’ हा शब्द आपल्याला कॅमेऱ्याबरोबर आला असं वाटतं, पण तो कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ मध्ये अशा चित्राचं पेटंट घेतलं. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर चौफेर चित्र, आणि बघणारा मधोमध उभा. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने यासाठी खास गोल इमारतच उभी केली. लोक तिकीट काढून यायचे.

यात आपला संबंध लगेच येतो. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर या तरुण चित्रकाराने त्या हल्ल्याचं सुमारे १२० फूट लांबीचं चित्र लंडनमध्ये लोकांसमोर मांडलं. त्या युद्धात निजामाची फौज कंपनीच्या बाजूने होती. आपलं बीड पुढे १९४८ पर्यंत त्याच निजामाच्या राज्यात राहिलं, हे जाता जाता. पोर्टर स्वतः श्रीरंगपट्टणला गेलेला नव्हता! म्हणजे चौफेर, भव्य, अगदी तिथेच असल्यासारखं वाटणारं चित्र आणि खरं चित्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे.

मग कॅमेरा आला. १८५८ मध्ये फेलिचे बेआतो लखनौला पोचला आणि उद्ध्वस्त शहराचे फोटो शेजारीशेजारी घेऊन त्याने लांबलचक पट्टे तयार केले. कॅमेरा एका जागी उभा करायचा, थोडा थोडा फिरवायचा, छापलेले कागद कापून कडेला कड लावून चिकटवायचे. सॉफ्टवेअर म्हणजे कात्री आणि खळ. :)

पण माझा खरा नायक दुसराच आहे. त्याच १८५८ मध्ये मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप तंजावरला गेला. आपल्या भोसल्यांचं तंजावर. तिथल्या बृहदीश्वर मंदिरातला १८०३ चा मराठी शिलालेख आपल्याकडे प्रसिद्ध आहे, पण ट्राइपने काम केलं ते मुख्य विमानाच्या पायथ्यावरून फिरत जाणाऱ्या जुन्या लेखांवर. मजकूर इतका लांब की एका काचेत मावणं अशक्यच. मग तो कॅमेरा घेऊन भिंतीच्या कडेकडेने सरकत गेला आणि २१ छायाचित्रं जोडून १९ फुटांहून लांब अशी गुंडाळी त्याने तयार केली. विचार करा, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने नेमका पासोडीचाच प्रश्न सोडवला होता. लांबच लांब मजकूर, तुकड्यांत टिपलेला, आणि नंतर जोडलेला.

फिरणं आणि सरकणं

बेआतो आणि ट्राइप यांच्या कामात एक मूलभूत फरक आहे, आणि सॉफ्टवेअर निवडताना हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. बेआतोचा कॅमेरा एका जागी उभा राहून फिरला. ट्राइपचा कॅमेरा सरकला.

एक प्रयोग करा. हात लांब करून अंगठा समोर धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो ना? डोळा जागचा हलला की जवळची वस्तू आणि दूरची वस्तू यांचं नातं बदलतं. याला पॅरलॅक्स म्हणतात, आणि फोटो शिवणाऱ्याचा हा जन्माचा वैरी. कॅमेरा फक्त फिरला, आणि तोही भिंगाच्या योग्य बिंदूभोवती, तर पॅरलॅक्स शून्य आणि सगळे फोटो बिनतक्रार जुळतात. कॅमेरा सरकला तर फोटो जुळतात ते एकाच अटीवर: समोरची वस्तू सपाट पाहिजे. भिंत, नकाशा, चित्र, किंवा कापड.

बीड जिल्ह्यात या सगळ्याची उदाहरणं हाताशी आहेत. किल्ले धारूर घ्या. आदिलशाही सरदार किश्वरखान लारीने १५६७ च्या सुमारास बांधला, दोनेक वर्षांत निजामशाहीने घेतला, आणि १६३१ मध्ये मुघलांकडे गेला. तटावर उभं राहून बालाघाटाच्या दऱ्या टिपायच्या तर काहीच अवघड नाही. सगळं दूर आहे, पॅरलॅक्सचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. मी तिथे हातात कॅमेरा धरून नऊ उभे फोटो घेतले होते, कुठल्याही सॉफ्टवेअरने ते मिनिटभरात जुळवले. पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याच्या दरीचंही तसंच, फक्त धबधबा हलता असल्यामुळे त्याच्या मधोमध जोड येऊ द्यायचा नाही.

बीडजवळची खजाना विहीर मात्र परीक्षा बघते. निजामशाहीतल्या सलाबतखानाने १५८२ च्या सुमारास बांधलेली ही गोल विहीर. आतल्या काठावर उभं राहिलं की शेजारची कमान दोन हातांवर आणि समोरची पार पलीकडे. कॅमेरा चार बोटं जरी सरकला तरी जवळच्या दगडाची कड मागच्या दगडांवर उडी मारते. इथे तिपाई आणि नीट फिरणारं डोकं यांना पर्याय नाही. सॉफ्टवेअर कितीही महागडं घ्या.

अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात तिसराच प्रश्न. डोंगरात खोदलेलं लेणं, आत एकसारख्या खांबांच्या रांगा. माणसालाही क्षणभर कळत नाही की हा मघाचाच खांब की पुढचा, मग बिचाऱ्या संगणकाचं काय? आणि बीडचं कंकालेश्वर, कुंडाच्या मधोमध उभं असलेलं मंदिर. पाण्यावरची प्रत्येक लहर दर फोटोत वेगळी. म्हणजे अर्ध्या चित्रात जुळवण्यासारखं काही स्थिर नाहीच.

थोडक्यात काय, तर ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं.

संगणक शिवायला लागतो

संगणकावरच्या शिवणकामाची गोष्ट आपल्या धंद्यातली असल्यामुळे मला फार आवडते. १९९५ मध्ये ॲपलने क्विकटाइम व्हीआर आणलं, चौफेर फिरवता येणारी चित्रं. पण सामान्य माणसाच्या हाती खरं हत्यार दिलं ते हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाने. फुर्टवांगेनला शिकवणाऱ्या या गृहस्थाने १९९८ मध्ये ‘पॅनोरमा टूल्स’ लिहून चक्क फुकट वाटून टाकलं. वापरायला महाकिचकट. दोन फोटोंतली एकच खूण आपण स्वतः शोधायची, दोन्हीकडे टिचकी मारायची, अशा डझनभर खुणा द्यायच्या, मग गणित सुरू. या खुणांना म्हणतात कंट्रोल पॉइंट.

मग व्हायचं ते झालं. आयपिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीकडे चौफेर चित्रांची पेटंट होती. तिच्या कायदेशीर धमक्या सुरू झाल्या. डेर्शला आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम मर्यादा घालाव्या लागल्या, आणि शेवटी त्याने ते जालावरून काढून घेतलं. पण तोवर प्रती जगभर पसरल्या होत्या आणि उगमसंहिता खुली होती. लोकांनी ती उचलली आणि काम पुढे नेलं. आयपिक्सने २००६ मध्ये दिवाळं काढलं. डेर्शचं गणित मात्र आजही लाखो फोटोंच्या पोटात चालू आहे. या गोष्टीतून काय घ्यायचं ते प्रत्येकाने घ्यावं, मी माझं शेवटी सांगतो.

डेर्शच्या इंजिनाला दोन चांगले चेहरे मिळाले. एक हॉलंडमधलं पीटीगुई, हे विकत घ्यायचं. पुढे त्याने इंजिनही स्वतःचं बनवलं. दुसरा चेहरा ह्युगिन. पाब्लो द’अँजेलो याने २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प, मुक्त आणि फुकट.

पण टिचक्या मारणं काही संपलं नव्हतं. ते संपवलं कॅनडातल्या दोघांनी. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड लोवने १९९९ मध्ये सिफ्ट नावाची पद्धत मांडली. फोटो लहान-मोठा असो, फिरलेला असो, त्यातली ठळक खूण ओळखून तिचा एक आकड्यांतला ठसा तयार करायचा. दुसऱ्या फोटोत तसाच ठसा सापडला की जुळलं! २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि लोव यांनी यावर ऑटोस्टिच उभं केलं. फोटोंचा ढीग टाका, कुठला कुणाशेजारी तेही सांगू नका, ते शोधून काढतं. तेव्हा ही जादूच वाटायची.

सिफ्टवरही पेटंट होतं. म्हणून ह्युगिनच्या मंडळींनी पेटंटच्या बाहेर राहील असा स्वतःचा खुणाशोधक २०१० मध्ये आणला. सिफ्टचं पेटंट मार्च २०२० मध्ये संपलं आणि आता ती पद्धत सगळ्यांना मोकळी आहे.

उरला जोड लपवायचा प्रश्न. दोन फोटोंचा उजेड थोडा वेगळा असतो, त्यामुळे सांधा दिसतो. बर्ट आणि ॲडेलसन यांनी १९८३ मध्येच याचं उत्तर काढून ठेवलं होतं. चित्राचे ढोबळ आणि बारीक असे थर वेगळे करायचे, ढोबळ रंग रुंद पट्ट्यात मिसळायचे आणि बारीक रेषा अरुंद पट्ट्यात. ह्युगिनसोबत येणारं एनब्लेंड हेच करतं. जोड असा नाहीसा होतो की शोधून सापडत नाही.

बाकी मंडळींची हजेरी थोडक्यात. कॅनन कॅमेऱ्याच्या सीडीवर फोटोस्टिच यायचं, आठवतंय? फोटोशॉपमध्ये फोटोमर्ज आलं. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये इमेज कंपोझिट एडिटर फुकट दिलं, सुंदर सॉफ्टवेअर, त्यात सपाट वस्तूवरून सरकणाऱ्या कॅमेऱ्यासाठी वेगळी सोयसुद्धा होती. फ्रान्सच्या कोलोरचं ऑटोपॅनो व्यावसायिकांचं लाडकं होतं. कोलोरला २०१५ मध्ये गोप्रोने विकत घेतलं आणि २०१८ मध्ये बंद केलं. मायक्रोसॉफ्टनेही आपलं सॉफ्टवेअर पुढे वाढवणं थांबवलं आणि ते अधिकृत ठिकाणाहून उतरवलं. २०१२ पासून तर मोबाईलच पॅनोरमा काढू लागले, आणि ‘शिवायचं सॉफ्टवेअर’ ही गोष्टच बहुतेकांच्या विस्मरणात गेली.

नऊवारीची परीक्षा

आता पासोडी काही कुणी मला हातात देणार नाही, आणि देऊही नये. म्हणून घरच्या घरी तालीम करायचं ठरवलं. आजीची एक इरकली नऊवारी काढली. नऊ वार म्हणजे २७ फूट. सोसायटीच्या कॉमन पॅसेजमध्ये ती अंथरली (शेजाऱ्यांनी काय विचार केला असेल ते विचारू नका), कडेला मोजपट्टी ठेवली आणि दर फुटावर आकड्याची एक चिठ्ठी चिकटवली, १ ते २७. कॅमेरा खाली तोंड करून दांड्यावर बांधला आणि सोळा फोटो घेतले.

नऊवारीच का? कारण तिच्या काठावर तीच नक्षी पुन्हा पुन्हा येते. हत्तीखान्याच्या खांबांसारखी. आणि पोथीसारखी! पोथीतही तेच शब्द, तीच वळणं पुन्हा पुन्हा येत असतात.

तीन सॉफ्टवेअर्स लावून बघितली. दोघांनी नीट काम केलं, एकाला थोडी मदत लागली. तिसऱ्याचं (नाव घेत नाही) चित्र सगळ्यात देखणं आलं. रंग एकसारखे, जोड औषधालाही नाही. सहज म्हणून चिठ्ठ्या वाचत गेलो: पंधरा, सोळा, सतरा, एकोणीस, वीस...

अठरा नंबरची चिठ्ठी गायब! फोटोत नीट होती, जोडलेल्या चित्रात नाही. काठाची नक्षी साधारण फुटाफुटाला येत होती. सॉफ्टवेअरने एका फोटोतली नक्षी दुसऱ्या फोटोतल्या पुढच्या नक्षीशी जुळवली आणि मधलं एक फूट कापड गिळलं. नक्षीच्या शेकडो खुणा एका बाजूला आणि एका चिठ्ठीच्या चार खुणा दुसऱ्या बाजूला. अशा वेळी बहुमत कुणाचं चालणार? चिठ्ठीच्या खुणा ‘चुकीच्या’ ठरून बाद झाल्या. मग जोड लपवणाऱ्या गणिताने आपलं काम चोख केलं आणि चोरीचा माग पुसून टाकला. चिठ्ठ्या नसत्या तर आयुष्यात कळलं नसतं.

हे बघितल्यावर मला आपल्या जुन्या लेखनिकांची आठवण झाली. पोथीची नक्कल करताना एक नेहमीची गडबड व्हायची. दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द आला की लिहिणाऱ्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरायची आणि मधला मजकूर राहून जायचा. पाठभेद तपासणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत असतो. संगणकाने नेमकं तेच केलं. सारखेपणा बघून नजर घसरली. फरक एवढाच की लेखनिकाच्या नकलेत ओवीचा आकडा चुकतो, छंद तुटतो, वाचणाऱ्याला शंका येते. इथे फोटो बघतोय म्हटल्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही.

ट्राइपच्या गुंडाळीकडे या नजरेने पुन्हा बघा. त्याचे जोड दिसतात. कुठला कागद कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते आपण बोट ठेवून दाखवू शकतो, आणि शंका आली तर तिथला मजकूर तपासू शकतो. आपण दीडशे वर्षं खपून तो सांधा अदृश्य केला. सौताड्याच्या फोटोसाठी हे फार छान झालं. पण पासोडीवर एक ओवी अशी गिळली गेली, मूळ कापड बंद कपाटात गेलं, आणि पुढचे अभ्यासक या चित्रावरूनच वाचू लागले, तर ती ओवी गेलीच म्हणून समजा.

मग निवडायचं कोणतं?

भटकंतीचे फोटो, किल्ला, घाट, धबधबा, मित्रांचा घोळका: मोबाईल पुरे. उगाच डोक्याला ताप नको. फोटोशॉप किंवा लाइटरूमचे पैसे आधीच भरत असाल तर त्यातली सोय वापरा, उत्तम आहे.

विहिरी, मंदिरं, सभामंडप यांचं मनापासून काम करायचं असेल, तर कंट्रोल पॉइंट बघू देणारं आणि बदलू देणारं सॉफ्टवेअर पाहिजे. इथे पीटीगुई किंवा ह्युगिन. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात वेळ. पीटीगुई झटपट आणि शिस्तीचं आहे, आठवड्याला दहा कामं असतील तर पैसे वसूल होतात.

आणि पासोडीसारखं काम असेल तर माझं मत ह्युगिनला. कारणं तीन. एक, त्यात कॅमेरा फिरला नाही, सरकला, हे सांगता येतं. दोन, त्याची प्रकल्पाची फाइल साधी मजकुराची असते. कुठल्या फोटोतला कुठला बिंदू कुठे जुळवला, हा सगळा हिशोब कुणीही नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकतो. उद्या ह्युगिन राहिलं नाही तरी तो हिशोब राहतो. तीन, उगमसंहिता खुली आहे. ऑटोपॅनोत ज्यांनी वर्षानुवर्षांचं काम ठेवलं होतं, त्यांच्यावर काय वेळ आली असेल विचार करा. पॅनोरमा टूल्सचा निर्माता बाजूला झाला तरी त्याचं काम जगलं, कारण ते सगळ्यांकडे होतं. अंबाजोगाईत काय वेगळं घडलं? पासोडी पिढ्यान्‌पिढ्या राहिली ती कुणीतरी ती सांभाळत आलं म्हणून. सॉफ्टवेअरचंही तेच, सांभाळणारे पाहिजेत, आणि त्यांना सांभाळायची परवानगी पाहिजे.

नुसतं सॉफ्टवेअर निवडून भागत नाही, म्हणून बाकीची यादीही देऊन टाकतो. कापडाच्या दोन्ही कडांना मोजपट्टी हवी. दर फुटावर आकड्याची चिठ्ठी हवी, आणि ती कापडाला चिकटवलेली नको, शेजारी ठेवलेली हवी (नऊवारीला जे चालतं ते पासोडीला चालत नाही). ३४ फोटोंच्या रांगेत प्रत्येक जोडाला केसभर फरक राहिला तरी शेवटी सगळं चित्र केळ्यासारखं वाकतं. मोजपट्टी सरळ आली की चित्र सरळ आलं असं समजायचं. जोडून झाल्यावर चिठ्ठ्यांचे आकडे माणसाने वाचायचे, संगणकाने नाही. अख्खं चित्र एका जेपेगमध्ये बसणारच नाही, तिथे एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलची मर्यादा आहे आणि आपल्याला १,४४,००० पाहिजेत. साध्या टिफलाही ४ जीबीची अट आहे, आणि हे चित्र ६ जीबीच्या वर जातं. म्हणजे बिगटिफ हवं, नाहीतर सरळ तुकड्यांत ठेवावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ते मूळ १७० फोटो कधीही पुसायचे नाहीत. जोडलेलं चित्र हा आपला अर्थ आहे, ते १७० फोटो हा पुरावा आहे.

हे करायला फार मोठी यंत्रणा लागते असं नाही. एक बरा कॅमेरा, सरळ सरकणारा दांडा, सारखा उजेड, फुकटचं सॉफ्टवेअर आणि दोन वीकांत. आपल्यापैकी कित्येकांकडे यातलं सगळं घरात पडलेलं आहे. मराठवाड्यात तर वाड्यावाड्यांत, मठांत, देवघरांत लांबलचक वंशावळी, जुने नकाशे, चित्रांचे पट गुंडाळून ठेवलेले असतात. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांची परवानगी घ्यायची, हात धुवायचे, आणि हात लावायला नको म्हणाले तर नाही लावायचा. त्यांनीच उलगडावं, आपण फोटो काढावेत, आणि फोटोंची एक पूर्ण प्रत त्यांच्याच घरी ठेवून यावी.

आणि हो, आधी घरच्या नऊवारीवर तालीम जरूर करा. चिठ्ठ्या मोजायला विसरू नका.